आभारांची वही भरली, तरी समाधान का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई अडतीस वर्षांच्या. राहायला कोपरखैरण्याला सिडकोच्या घरात, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात, नवरा महापे एमआयडीसीत सुपरवायझर. सासरे १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून ठाण्याला आले आणि वागळे इस्टेटमध्ये कामाला लागले. ते आता नाहीत, सासूबाई घरी असतात. घर स्वतःचं, मुलगी नववीत, दर रविवारी चर्चमधली मराठी उपासना चुकत नाही. तरी आत समाधान नाही. धाकट्या दिरानं घोडबंदर रोडला टू बीएचके घेतला तेव्हापासून होतं तेही गेलं. कुणीतरी सुचवलं म्हणून रोज रात्री तीन गोष्टी लिहून देवाचे आभार मानायची वही सुरू केली. काही आठवड्यांतच ती ऑफिसच्या टाइमशीटसारखी भरली जाऊ लागली. चर्चच्या मंडळीत कुणी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की हेवा वाटतो, मग हेवा वाटल्याची लाज वाटते. त्यांचं म्हणणं, "माझा विश्वास कमी पडतोय का? आणि विश्वासानं समाधान मिळतं म्हणतात, ते नेमकं काय असतं?"

ताई, सलाम. ठाणे आणि नवी मुंबईच्या मराठी मंडळ्यांत मी चर्चचा पाळक म्हणून सेवा केली, आता निवृत्तीनंतर समुपदेशनाला बसतो. हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांत भाकरीची भ्रांत असलेले फार थोडे असतात. बहुतेकांचं घर झालेलं असतं, मुलं इंग्लिश मीडियममध्ये असतात, बँकेचा हप्ता वेळेवर जात असतो. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं विचारलेलं नाही. लाज तेवढी सोडा.

आधी ती वही बंद करा. निदान रोजची तरी. हे मी पाळक म्हणून सांगतो आणि त्याला आधारही आहे. या वह्यांची टूम ज्या संशोधनावरून पसरली ते रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं, २००३ सालचं. त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदा चांगल्या घडलेल्या गोष्टी लिहिल्या, आणि अडचणी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आपलं आयुष्य बरं वाटू लागलं. हे सगळे सांगतात. दोन वर्षांनी सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मांडलं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज तेच ते लिहिलं की मन त्याला सरावतं. तेव्हा तुमची वही कोरडी पडली यात तुमच्या विश्वासाचा काही दोष नाही.

पण वहीची खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही तिच्यातल्या ज्या ओळी पाठवल्या त्या अशा आहेत: सकाळी गाडीत बसायला जागा मिळाली, लेकीचा ताप उतरला, संध्याकाळी भाजी ताजी मिळाली. चांगल्या आहेत. फक्त त्या कुणाला उद्देशून लिहिल्यात ते कळत नाही. आपल्या शास्त्रात आभार म्हटले की समोर कुणीतरी असतोच. दाविदाच्या १०३ व्या स्तोत्रात तो आधी स्वतःच्या जिवाला हाक मारतो, 'त्याचे सर्व उपकार विसरू नकोस' म्हणून बजावतो, आणि लगेच उपकार करणाऱ्याविषयी बोलू लागतो: तो क्षमा करतो, बरं करतो, खड्ड्यातून काढतो. नुसती यादी करायला विश्वास लागत नाही. माझे शेजारी पक्के नास्तिक आहेत, तेही अशी यादी करतात आणि त्यांना तिचा उपयोगही होतो. देवावर भरवसा ठेवणाऱ्यानं मात्र त्याच्याशी बोलायचं असतं. तुमच्या वहीत तुम्ही त्याच्याविषयीही बोलला नाहीत आणि त्याच्याशीही नाही.

आता दिराच्या फ्लॅटकडे येतो, कारण दुखणं तिथं आहे.

आपल्या घरांतून एक सल्ला लहानपणापासून मिळतो: आपल्याहून वाईट अवस्थेत किती माणसं आहेत ते बघ, मग देवाचे आभार मान. आईनं सांगितलेलं असतं, शाळेत बाईंनी सांगितलेलं असतं, आम्ही पाळक लोक व्यासपीठावरूनही सांगतो. सल्ला प्रेमाचा असतो, पण प्रभू येशूला तो मान्य झाला असता असं मला वाटत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला जातात. त्यांतला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, करतो ती प्रार्थना नीट वाचून पाहा. ती आभाराचीच प्रार्थना आहे! देवा, मी इतरांसारखा नाही, त्या तिथं उभ्या जकातदारासारखा तर नाहीच, म्हणून तुझे आभार. अख्ख्या शुभवर्तमानात इतकी नेटकी आभारप्रार्थना शोधून सापडायची नाही, आणि तीच वाया गेलेली आहे. खाली बघून समाधान मानायची सवय लागलेली नजर वरही बघणारच. रस्त्यावरच्या माणसाकडे बघून तुम्हाला कोपरखैरण्याचं घर मोठं वाटणार, आणि घोडबंदरला जाऊन आलात की तेच घर लहान वाटणार. घर होतं तेवढंच आहे.

दिराच्या डोक्यावर किती लाखांचं कर्ज आहे, घोडबंदरहून कामाला जाताना त्याचे रोजचे किती तास ट्रॅफिकमध्ये जातात, हा हिशेब तुम्ही मनात केला असेल. केला असेल तर तोही त्याच जातीचा. मी स्वतः तो हिशेब तुमचा प्रश्न वाचताना केला, म्हणून सांगतो.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला तुम्ही रविवारच्या शाळेपासून ऐकलाय. तो एकदा नाक्यावर उभं राहून वाचा. सकाळी साडेसात-आठला आपल्याकडच्या कुठल्याही मजूर नाक्यावर जा. गवंडी थापी-ओळंबा पिशवीत घेऊन, रंगारी ब्रश घेऊन, बिगारी नुसता डबा घेऊन उभे असतात. ठेकेदार येतो, बोटानं निवडतो: तू, तू, आणि तू. तरणे आधी उचलले जातात. दहा वाजले की गर्दी पातळ होते. अकरानंतर जे उरतात ते एकमेकांशी बोलत नाहीत, चहासुद्धा घेत नाहीत, कारण आज दिवस भरला नाही तर चहाचे पैसेही जड होतात. दाखल्यातला मळेवाला अशा नाक्यावर पहाटे येतो, मग पुन्हा तिसऱ्या तासाला, दुपारी, आणि शेवटी दिवस मावळायला तासभर राहिला असताना. त्या शेवटच्यांना विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही.

संध्याकाळी मजुरी वाटताना तो उलटा क्रम लावतो, शेवटच्यांपासून. त्यांना पुऱ्या दिवसाची मजुरी. पहाटेपासून राबलेल्यांनाही तेवढीच, जी सकाळी ठरली होती. आता बघा, या पहाटेच्या लोकांचं समाधान कधी गेलं? मजुरी कमी मिळाली म्हणून गेलं नाही, ठरलेले पैसे हातात पडले होते. शेजारच्याच्या हातात किती पडले हे दिसलं तेव्हा ते गेलं. मळेवाल्यानं पहाटेच्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावलं असतं तर ते खुशीत घरी गेले असते. त्यानं मुद्दाम त्यांना दाखवलं. मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत का यावं, हा त्याचा प्रश्न आहे, आणि दाखला तिथेच संपतो. मजुरांनी काय उत्तर दिलं ते येशूनं सांगितलेलं नाही.

त्या दाखल्यात माझं मन वळवणारी गोष्ट आणखी एक आहे. पहाटे कामाला लागलेल्या माणसाला दिवसभर ऊन लागलं खरं, पण संध्याकाळी घरी पैसे नेणार हे त्याला पहाटेपासून ठाऊक होतं. पाचला लागलेल्यानं तोच दिवस धास्तीत काढला. कुणाला काय मिळालं हे मोजताना कुणी काय सोसलं ते आपल्याला दिसत नसतं. तुमचा दीर कुठल्या नाक्यावर किती वाजेपर्यंत उभा होता, तुम्हाला माहीत आहे का? मलाही नाही. म्हणून ती मजुरी मोजायचं काम आपलं नव्हे.

साक्षीबद्दल बोलायचं तर दोष तुमच्या एकटीचा नाही, आमचाही आहे. आपल्या मंडळ्यांत साक्ष म्हणजे निकाल लागलेली गोष्ट: फ्लॅटचा ताबा मिळाला, मुलाचा व्हिसा झाला, सिडकोच्या सोडतीत नंबर लागला. सांगणाऱ्याचा आनंद खराच असतो. पण वर्षानुवर्षं एवढंच ऐकलं की ज्याचा नंबर लागला नाही त्याला वाटतं, देवाच्या रजिस्टरमध्ये आपलं नाव नाही. या ठाण्याच्या भूमीत ख्रिस्ती साक्षीची जी सगळ्यात जुनी नावं माहीत आहेत त्यांत इटलीहून आलेला साधू तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती येतात. १३२१ साली, एप्रिलमध्ये, त्यांना इथेच मारलं गेलं. त्यांना कुठलाही ताबा मिळाला नव्हता. समृद्धी म्हणजे विश्वासाची पावती असं शिकवणारे प्रचारक हल्ली मोबाइलवर दिवसभर बोलत असतात. त्यांना कधीतरी ठाण्याच्या तलावपाळीवरून एक फेरी मारून आणावं असं वाटतं.

मग करायचं काय? माझा सल्ला थोडा उफराटा वाटेल. आभारांनी सुरुवात करू नका. आधी गाऱ्हाणं घाला.

दीडशे स्तोत्रांतली कितीतरी स्तोत्रं गाऱ्हाण्याचीच आहेत. तेरावं उघडा, पहिल्याच ओळीत दावीद देवाला विचारतो, किती काळ तू मला विसरून राहणार? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आमेनसारखी एक उजेडाची ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. काही लोकांना वाटतं कुरकुर करणं पाप, म्हणून देवापुढे तक्रारच नको. शास्त्रात कुरकुरीबद्दल इस्राएल लोकांची कानउघाडणी झाली आहे हे खरं, पण ती कुरकुर कुठे चालली होती ते बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे: आपापल्या तंबूत. म्हणजे देवाला सोडून आपापसात. स्तोत्रकर्ते तेच शब्द देवापुढे नेऊन टाकतात. तुम्ही दिराच्या फ्लॅटबद्दल बहिणीशी फोनवर बोललात, नवऱ्याशी रात्री बोललात, आता मला लिहिलंत. देवाशी बोललात का? "प्रभू, मला हेवा वाटतो. आम्ही आधी आलो, सासू-सासऱ्यांचं आम्ही केलं, आणि टू बीएचके त्यांचा झाला." असं, याच भाषेत. त्याला धक्का बसत नाही. मी समुपदेशनाला बसतो तेव्हा माणसं आधी गोड प्रार्थना करतात, मग मन मोकळं करतात. मी म्हणतो, क्रम उलटा करा. गाऱ्हाणं पुरतं घालून झालं की आभार आपोआप येतात असं मी म्हणणार नाही. कधी येतात, कधी दोन-तीन आठवडे येत नाहीत. पण जेव्हा येतात तेव्हा ते खरे असतात, बोलायच्या पद्धतीचे नसतात.

प्रेषित पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा'. त्यानं स्थितीत म्हटलं आहे. प्रत्येक गोष्टीबद्दल आभार माना असा हुकूम तिथे नाही. लेकराचा अपघात झाला तर त्या अपघाताबद्दल देवाचे आभार मानायला लावणारा पाळक तुम्हाला भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात, जिथं पौल म्हणतो की आहे त्या स्थितीत राहायला मी शिकलोय, त्याच पत्रात दोन अध्याय आधी माझा सोबती एपफ्रदीत मरणाला टेकला होता, तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं असंही तो लिहितो. समाधानी माणूस दुःखाला नाव ठेवत नाही आणि ते लपवतही नाही. शिवाय 'शिकलोय' म्हणतो, म्हणजे कधीतरी त्याला येत नव्हतं. ते पत्र बंदिवासातून लिहिलेलं आहे आणि मुळात आहे आभाराचं: फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीताच्या हातून मदत पाठवली, त्याची पोच. दुसऱ्याकडून घ्यायला लागणं ही समाधानी माणसाला कमीपणाची गोष्ट वाटत नाही, हेही त्यातून दिसतं. आपल्याला मात्र देणं जमतं, घेणं जमत नाही.

गाऱ्हाण्यानंतरचं काम अनुवादाच्या सव्वीसाव्या अध्यायातलं आहे, आणि तुमच्यासाठी मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिल्या पिकाची टोपली घेऊन माणूस याजकापुढे येतो. आता म्हणायचं काय, हे तिथं लिहून दिलंय. ते 'धन्यवाद' या शब्दानं सुरू होत नाही. ते सुरू होतं पूर्वजापासून: माझा पूर्वज भटका अरामी होता, थोड्या माणसांनिशी मिसरात (इजिप्तमध्ये) गेला, तिथं आमचे हाल झाले, आम्ही ओरडलो, परमेश्वरानं ऐकलं, बाहेर काढलं, ही जमीन दिली, आणि आता तूच दिलेल्या जमिनीचं हे फळ मी आणलंय. म्हणजे आधी घराण्याची हकिगत, मग टोपली खाली ठेवणं. आणि तिसरी पायरी लोक विसरतात: त्यानंतर लेवी, म्हणजे देवाच्या सेवेतले लोक, आणि परका यांच्यासह बसून खायचं, आनंद करायचा.

तुमच्या घरात ही हकिगत तयार आहे, फक्त कुणी म्हटलेली नाही. सासूबाई हयात आहेत तोवर त्यांना बसवा. विचारा, जालन्याहून निघताना बरोबर काय होतं? कोणत्या गाडीनं आलात, ठाण्यात पहिली रात्र कुठे काढली, कुणी ठेवून घेतलं? वागळे इस्टेटमध्ये चिकटवलं कुणी? मंडळी कोणती धरली, तिथं पहिल्यांदा कुणी विचारपूस केली? १९७२ ला मराठवाड्यात दुष्काळी कामावर खडी फोडलेली माणसं अजून आहेत. त्यांच्या तोंडून ऐकलं की 'देवानं काय दिलं' हा प्रश्न वेगळा दिसतो. लेकीलाही बसवा, तिच्या मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग ती हकिगत दहा-बारा ओळींत लिहा, देवाला उद्देशून, 'तू' म्हणून. एवढी एक वही मी मान्य करतो. तुम्ही ज्याला आपलं घर म्हणता ते तुमच्या पगारातून सुरू झालेलं नाही हे लिहिताना हाताला कळतं.

टोपलीसाठी आपल्याकडे हार्वेस्टचा रविवार आहेच, उपकारस्तुतीचा सण म्हणा. त्याची थट्टा मीही ऐकली आहे: वाशीच्या मार्केटातून भोपळा आणायचा, वेदीपुढे ठेवायचा आणि उपासनेनंतर लिलावात तिप्पट भावानं पुन्हा आपणच घ्यायचा. पण तो लिलाव नीट बघा. एका वर्षी एका आजींनी गॅलरीत, प्लास्टिकच्या ड्रममध्ये लावलेला दुधी आणला होता. वेडावाकडा, एका अंगानं पिवळट. बोली शंभरापासून सुरू झाली. एकवार, दोनवार म्हणेपर्यंत मागच्या बाकावरून कुणीतरी वाढवायचं. घेणाऱ्यानं पैसे भरले, दुधी हातात घेतला आणि तिथेच परत टेबलावर ठेवला, पुन्हा बोली लावा म्हणून. तो दुधी त्या सकाळी तीनदा विकला गेला. आजी पहिल्या बाकावर बसून हसत होत्या, आणि शेवटच्या माणसाला त्यांनी जाताना बजावलं, कोवळा नाहीये, चण्याची डाळ घालून कर. हातातून वस्तू जाताना आनंद कसा होतो हे माझ्या कुठल्याही उपदेशापेक्षा त्या दुधीनं बरं सांगितलं असेल. ठाण्या-वसईकडच्या ईस्ट इंडियन कॅथलिक बांधवांचा आगेरा साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो. भाताच्या नव्या लोंब्या मिरवत चर्चमध्ये नेतात. ज्या शेतांत तो भात पिकायचा त्यांतल्या बऱ्याच जागी आता टॉवर आहेत, तरी लोंब्या कुठून तरी आणल्या जातात. शेत गेलं म्हणून सण सोडला नाही.

रोजच्यासाठी काही हवंच असेल तर लिहिण्याऐवजी इग्नेशियस लोयोलाची पद्धत घ्या. मी प्रोटेस्टंट पाळक, तरी हे येशूसंघीय कॅथलिकांकडून उसनं घ्यायला मला संकोच नाही. सोळाव्या शतकातल्या या माणसानं दिवसाची उजळणी पाच टप्प्यांत सांगितली: मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार, मग आपलं चुकलेलं दिसावं म्हणून कृपा मागणं, मग दिवसाचा तासागणिक आढावा, क्षमा, आणि उद्यासाठी निश्चय. ऐरोली ते कोपरखैरणे गाडीत दहा-बारा मिनिटं मिळतात, बसायला जागा मिळो न मिळो. तीन गोष्टी शोधू नका. एकच घ्या आणि ती कुणाच्या हातून आली ते आठवा. माणूस आठवला तर उतरल्यावर त्याला फोन करा.

आता सावधगिरीचे दोन शब्द. समाधान म्हणजे मुकाट्यानं सोसणं, हा अर्थ बायकांच्या माथी फार मारला गेला आहे. तुम्ही ओझरतं लिहिलंय की ऑफिसात तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला तुमच्या आधी बढती मिळाली, आणि 'ख्रिस्ती माणसानं भांडू नये' म्हणून तुम्ही गप्प राहिलात. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं. मध्यरात्री ते गाणी म्हणत होते. याहून समाधानी माणसं दाखवता येणार नाहीत. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, त्यांना गुपचूप सोडून द्या. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशीशिवाय चारचौघांत फटके मारले आणि आता चोरून सोडता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. ते आले! रात्री गाणारा आणि सकाळी हक्क मागणारा माणूस एकच आहे. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळानं नेले. त्यांनी ख्रिस्ताच्या ठायी शांती मिळाल्याचं सांगितलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुलींना उचलून केडगावला आणण्यासाठी त्या मध्य प्रांतापर्यंत गेल्या. त्या शांतीनं त्यांना घरी बसवलं नाही. तुम्ही मॅनेजरला मेल करा, निकष काय होते ते विचारा. त्यासाठी अंगात राग असायलाच हवा असं नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाच्या माणसाची प्रार्थना आहे: दारिद्र्य देऊ नको, श्रीमंतीही देऊ नको, मला लागेल तेवढं अन्न दे. ही प्रार्थना करायची तर 'लागेल तेवढं' किती हे आधी ठरवावं लागतं. एका शनिवारी नवरा-बायको कागद घेऊन बसा. घरखर्च, लेकीचं शिक्षण, सासूबाईंची औषधं, दशांश किंवा जे काही देणं तुम्ही धरलंय ते, म्हातारपणाची शिल्लक. बेरीज करा आणि खाली रेघ मारा. मोठ्या घराची खरंच गरज निघाली, लेकीला अभ्यासाला खोली हवी असं दोघांना वाटलं, तर घ्या मोठं घर. त्यात विश्वासाला बाधा नाही. दिराच्या घरभरणीच्या संध्याकाळी घेतलेला निर्णय मात्र बँकेत नेऊ नका.

आणखी एक, आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. तुमच्या पत्रात झोप मोडते असा उल्लेख आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडलेली असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा वाटत असतील, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर त्याला असमाधान म्हणू नका आणि उपासतापासही धरू नका. डॉक्टरांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नैराश्य हा आजार आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याचा विश्वास आपण मोजत नाही, मग याचाही मोजायचं कारण नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की सासूबाई येत्या महिन्यात साक्ष दे म्हणून मागे लागल्या आहेत, आणि सांगण्यासारखं काहीच घडलेलं नाही. द्या. सासऱ्यांच्या प्रवासाची ती दहा-बारा ओळींची हकिगत वाचा, आणि मग साधं सांगा की गेलं वर्षभर मला हेवा वाटतोय, मी तो देवापुढे ठेवलाय, अजून गेलेला नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा. दिराचं नाव घेऊ नका, फ्लॅटचं तर मुळीच नको. नवी मुंबई एवढी मोठी नाही. आणि पाच मिनिटांत आटपा. पाळकांचा उपदेश व्हायचा असतो, आणि उपासनेनंतर तुमच्याजवळ येऊन हळूच 'मलाही' म्हणणाऱ्यांसाठी वेळ लागेल.